गजीच्या ढोलाचा चुकलेला ठोका

"ढोल जरा बाजूला घेता का? माझा लॅपटॉप दबतोय!"

"ढोलाचं बी तिकीट काढलंय, मॅडम. त्याला बी बसू द्या की!"

गेवराईहून उमापूरची बस सुटायच्या आधीच आमचं भांडण जुंपलं. मी रागाने वर पाहिलं... आणि राग कुठल्या कुठे गेला. खांद्यावर घोंगडी, मांडीवर ढोल आणि ढोलामागून हसणारे दोन मिश्कील डोळे! सुग्रीव त्याचं नाव. जत्रेत धनगरांच्या गजी नाचाला ढोल वाजवायचा.

आणि मला नेमका ढोलच हवा होता! मी व्हिडिओ गेमचं संगीत करते. पुण्याच्या एका कंपनीने मेंढपाळाची एक लेव्हल नमुन्याला दिली होती. उद्या दुपारपर्यंत पसंत पडली तर अख्खा गेम माझा, नाहीतर दुसऱ्या कुणाचा. पावा, तुणतुणं, मेंढ्यांच्या घंट्या, कॉम्प्युटरमधला ढोल... मी थरावर थर चढवले होते. कंपनी म्हणाली, "नुसती गर्दी झालीय, जीव नाही."

"उद्या सकाळी माझ्या घरी वाजवाल?" मी विचारूनच टाकलं.

"वाजवतो की. पण चहा लागंल—गोड!"

सकाळी भिंतींना गाद्या टेकवून मी माइक लावला. सुग्रीवने काठी हाणली आणि लॅपटॉपवर वाजणारा माझा पावा पार बुडाला.

"हळू ना!"

"हळू कावून? लोक म्हणतील, सुग्रीव उपाशी आलाय!"

पुन्हा तेच. मी वैतागले, तोही.

"आमी नाचणाऱ्याचे पाय बघून वाजवतो," तो म्हणाला. "पाय हलका पडला की हात आपसूक हलका पडतो. हितं म्होरं काय हाय? गादी!"

मी रेकॉर्डिंग चालू केलं, गजी नाचणाऱ्यांसारखा हातात रुमाल उचलला. "मी नाचते."

"तुमी? गजीत बाया न्हाई नाचत..."

"आज नाचतेय एक!"

तो लाजला—कानापर्यंत! मग बोटं हलली. मी अलगद पाऊल टाकलं की ढोल कुजबुजायचा, गिरकी घेतली की घुमायचा. अंगावर नुसता काटा! आणि मध्येच... एक ठोका चुकला.

मग लॅपटॉपवर मी पावा पुढे आणला, ढोल त्याच्याखाली बसवला, तुणतुणं बारीक केलं, घंट्या लांब नेल्या. आता प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येत होतं. चुकलेला ठोका काढायला मात्र मन होईना. तसंच पाठवून दिलं आणि दोघं चहाचे कप धरून बसलो. चहा कुणी प्यायलाच नाही.

फोन वाजला. "तेजश्री, ढोल मध्येच अडखळतो ना, तिथे जीव आलाय! गेम तुमचा!"

मी किंचाळलेच! सुग्रीवही उड्या मारू लागला. मग मी हळूच विचारलं, "तो ठोका... कसा चुकला हो?"

"पायाकडं बघायचं सोडून तुमच्याकडं बघितलं." त्याने घोंगडी सावरली. "लई आवडलात."

"मलाही तुम्ही आवडता... कालपासूनच."

तो दारापर्यंत गेला—रिकाम्या हातांनी.

"अहो, ढोल!"

"ऱ्हाऊ द्या. उद्या न्यायला येतो... आन् परत इसरून जातो!"