न बसणाऱ्या तारा

माझ्या मावसबहिणीच्या बाळाचा पहिला वाढदिवस होता. अर्धं हिलो गाव तिच्या गॅरेजमध्ये जेवायला बसलेलं, बाहेर नेहमीचा पाऊस. मी पानात बांधून वाफवलेल्या मांसाचं लाउलाउ सोडवत होते, तेवढ्यात कुणीतरी आपलं चार तारांचं छोटं उकुलेले वाजवायला घेतलं. खालचे सूर बरे होते. बोटं वर सरकली की वाद्य कण्हायला लागायचं.

मी तशी कुणाच्या भानगडीत पडत नाही. पण वाद्यांच्या दुकानात दिवसभर तारा चढवणाऱ्या मुलीने किती सोसायचं?

"तुझ्या तारा मेल्यात," मी जाऊन सांगितलं.

"नाव तरी विचार आधी," तो म्हणाला. "केओनी. आणि तुटल्यात कुठे?"

"तुटेपर्यंत थांबतात होय? दे इकडे." मी तारेच्या पोटाखालून नख फिरवलं. जिथे जिथे दांडीवरच्या पडद्यावर घासते, तिथे तिथे खाचा. "हे बघ. हात लावून बघ... माझा हात नाही, तार!"

"अच्छा... तार."

बंदरावर क्रेन चालवायचा. बोटं केळ्यांएवढी, आणि हसला की कान हलायचे. दिसायला बरा होता, एवढंच. मला कुठे गुंतायचं नव्हतं. लास व्हेगासला ताईने तिच्या हॉटेलात माझ्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. महिनाअखेरीला हो की नाही कळवायचं होतं. आमच्याकडची निम्मी माणसं तिकडेच गेलीत, तिकडे घर परवडतं. मी हो म्हणणारच होते. केओनी तारा बदलायला दुकानात आला तेव्हा मी हे त्यालाही सांगून टाकलं.

"म्हणजे पुढच्या तारा कोण बदलणार?" त्याने विचारलं.

"आधी या तर बसू देत." मी नव्या तारा चढवल्या. "नवी तार काही दिवस ताणत राहते, उतरते. रोज वाजव, रोज सूर लाव. मग बसते."

"मला सूर लावता येत नाही गं. कानाने जरा अधू आहे."

"मग रोज इथे येणार आहेस का?"

आला की! दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. तारा उतरलेल्या. कधी तळून साखरेत घोळवलेले गरम मालासादा आणायचा, आणि बोटांची साखर पुसत बंदरावरचे किस्से सांगायचा. किस्से बेताचेच होते. मी मात्र खो खो हसायचे.

दुसऱ्या आठवड्यात मला शंका आली. नव्या तारा आपापल्या मर्जीने उतरतात — एक जास्त, एक कमी. याच्या चारही अगदी सारख्या उतरलेल्या. बरोबर अर्धा सूर. असं करायला चांगला तयार कान लागतो.

"हट्टी आहेत या," तो म्हणाला.

"असतात काही काही," मी म्हणाले, आणि सूर लावून दिला.

तो गेल्यावर दुकान रिकामं वाटलं. मी त्याच्या प्रेमात पडले होते. व्हेगासच्या तोंडावर हा काय बावळटपणा!

महिनाअखेर आली. ताईला फोन करायचा दिवस. केओनीने वाद्य समोर ठेवलं. मी तारा छेडल्या — चारही सुरात.

"बसल्या की," मी म्हणाले.

"त्या कधीच बसल्यात. मीच रोज उतरवून आणत होतो."

"माहीत आहे."

"माहीत आहे? मग... लावून का देत होतीस?"

"तू उतरवून का आणत होतास?"

तो कानापर्यंत लाल झाला. "आज म्हटलं, नको ते नाटक. मालिए, तू जाऊ नकोस. म्हणजे — जायचंच असेल तर जा. पण मला तू आवडतेस... फार."

मी मोबाइल काढला. त्याच्यासमोरच ताईला फोन लावला. म्हटलं, ती नोकरी दुसऱ्या कुणाला तरी दे. मला वाळवंटातला उन्हाळा सोसायचा नाही.

ताई म्हणाली, "उन्हाची वाट बघण्यात जन्म काढलास तू. थापा मारू नकोस. नाव काय त्याचं?"

"केओनी."

"ओ?" समोरून तोच म्हणाला.