विंचवाच्या नांगीतला आवाज

मी ओली घोंगडी तारेवर टाकली आणि खालून कुणीतरी ओरडलं.

"ए! कोण हाय वर? तार सोडा आदी!"

मी वाकून पाहिलं. शुक्रवार पेठेत आमचं आणि हिंदुरावकाकांच्या रेडिओच्या दुकानाचं माळवद एकच. त्यावर कुणीतरी तांब्याची लांबलचक तार बांधली होती, आणि मी म्हटलं, चला, वाळवणाची सोय झाली! खाली अंगणात एक सडपातळ तरुण उभा होता. कानांवर दोन काळे डबे, कपाळावर आठ्या. आठ्या शोभत होत्या त्याला… खोटं कशाला बोलू?

"तारेला काय सोनं लागलंय?" मी विचारलं.

"सोनं न्हाय, आवाज लागतोय! तुमच्या घोंगडीनं समदं गप झालं की!"

मी घोंगडी ओढली, तशी चिंचोक्याची खळ थेट त्याच्या सदऱ्यावर ठिबकली. तो आधी सदऱ्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. आणि हसला.

मी मायाक्का, ज्ञानबा धनगराची लेक. बाबा घोंगड्या विणायचे, मी घोंगड्यांना खळ द्यायची. तो बिरप्पा, मैंदर्गीचा. आमच्याच जातीतला, पण मेंढरं सोडून शाळा शिकलेला आणि रेडिओच्या नादाला लागलेला. हिंदुरावकाकांनी त्याला सेट जुळवायला ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घोंगड्या उलटायला मला रोज माळवदावर जावं लागलं. एवढ्या घोंगड्या आमच्याकडे नव्हत्या, पण ते कोण मोजतंय?

"ऐकायचंय?" एका संध्याकाळी त्यानं विचारलं. एक डबा त्याच्या कानाला, एक माझ्या. त्यांना जोडणारी वायर आखूड… फार आखूड. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज येत होता. सूंऽऽ… हळूहळू वाढणारा, मग हळूहळू विरणारा.

"रोज येतो," तो म्हणाला. "गिरणीची यंत्रं हायेत, दुसरं काय! त्यांच्या इंजिनेराशी भांडून आलो मी. दाद देत न्हाय."

"मग एवढं तोंड का उतरलंय?"

"काका म्हणत्यात, सेटच खराब जुळवलायस. दसऱ्यापातूर खरखर गेली न्हाय, तर मैंदर्गीला जाऊन मेंढरं राख."

मैंदर्गी काही लंका नव्हे, पण माझ्या माळवदावरून दिसत नव्हती.

दोष गिरणीला देणं सोलापुरात सोपं असतं. इथं माणूस भोंग्यावर उठतो, भोंग्यावर जेवतो. बिरप्पानं पहिल्या दिवशी भोंग्यापाठोपाठ आवाज ऐकला आणि गिरणीच धरून बसला. मी मात्र आवाजाच्या वेळा टिपायची त्याची वही मागितली. शाळा चौथीपर्यंत झाली होती माझी, आकडे बरे यायचे. पहिल्या दिवशी आवाज जोरात होता साडेसहाला. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं आधी. तिसऱ्या दिवशी आणखी चार. पंधरा दिवसांत तास झाला होता.

मला हसूच फुटलं. "अवो, तुमी धनगराचंच पोर ना? ह्ये गिरणीचं न्हाय. गिरणी घड्याळावर चालती. दिसाला असं थोडं थोडं लवकर कोण येतं?"

तो वहीचे आकडे पुन्हा बोटानं मोजायला लागला.

"चांदण्या! महिन्याला दोन तास लवकर येत्यात. दिवस मावळला की दक्षिणेला चांदण्यांचा इंचू उभा ऱ्हातो बगा. तुमची तार बी तिकडंच तोंड करून हाय. त्याची नांगी समोर आली की आवाज."

"पर आता आवाज उन्हात येतोय. उन्हात कुटनं इंचू?"

"दिसत न्हाय, म्हणून तितं नसतो व्हय?"

त्याचे डोळे मोठे झाले. "अमेरिकेत कुणाला तरी आकाशगंगेतनं असाच आवाज आला, असं पेपरात होतं गेल्या साली… वाचून हसलो होतो मी! पर काकांना पटवायचं कसं? गिरण्या बंद झाल्या तरच…"

"होत्यात की. खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिशी."

खंडेनवमीला सोलापुरात चक्र फिरत नाही. गिरण्या बंद, माग बंद. सगळ्या यंत्रांना हळद-कुंकू, झेंडू. पण त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, आणि काकांनी रेडिओचीही पूजा मांडली होती. वहीच्या हिशेबानं आवाज साडेचारला यायचा होता, आणि बिरप्पा रेडिओसमोर नुसता उभा होता. आत्ता नाही, तर उद्या त्याचं गाठोडं बांधायचं होतं.

"खबरदार!" काका गरजले. "आज हत्यार चालवायचं न्हाय!"

मी पुढं झाले. "काका, पूजा केली म्हंजे ह्यो देवच ना? वरीसभर देवाला आपलं ऐकवतो. एक दिवस त्याचं ऐकलं तर काय पाप?"

काका झेंडू घातलेल्या रेडिओकडं बघायला लागले. तेवढ्यात मी बॅटरीचा खटका दाबलासुद्धा. पेठ चिडीचूप. कुठं माग नाही, भोंगा नाही. आणि सूंऽऽ… आला! चढत चढत, ठरल्या वेळेला. काकांनी डबे कानाला लावले, काढले, पुन्हा लावले.

"म्हंजे सेट खराब न्हाय?"

"न्हाय," बिरप्पा म्हणाला.

"मग कोण बोलतंय ह्ये?"

"ठाऊक न्हाय काका. लई लांबनं येतंय, एवढंच."

काकांनी रेडिओला पुन्हा एकदा नमस्कार केला. "दिवाळीला दोन सेट जुळवायचेत. मैंदर्गीचं राहू दे," म्हणाले आणि पानसुपारीला आत गेले.

आम्ही दोघंच उरलो. डबे अजून सूं सूं करत होते, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला तो हवा होता. इतका हवा होता, की आता त्याला कळलं नसतं तर मीच सांगून टाकलं असतं.

"मायाक्का…" तो अडखळला. "तू… तू बी रोज चार मिनिटं आदी येत जा की."

"मग?"

त्यानं बोटांवर हिशेब केला. कान लाल झाले. "मग वरसानं… पुरा दिवस हितंच ऱ्हाशील."

"वरीसभर कोण थांबतंय?" मी म्हटलं. "बाबा घरातच हायेत. चला, मागणी घाला."

आणि तो घाबरून मागं सरायच्या आत मी त्याचा हात धरून त्याला आमच्या दाराशी नेलं.