पडीक जागेतला दवाखाना

सांगते, पण मध्येच हसायचं नाही. मी तेव्हा हसले नव्हते.

उद्यान खात्यात माझं काम तण ओळखायचं. त्या दुपारी तक्रार आली ती आमच्या आतेसासूबाईंचीच. शेजारच्या पडीक जागेतलं झुडूप त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीत शिरलं होतं.

त्या जागेवर पूर्वी दवाखाना होता. डॉक्टर वारले, इमारत पाडली, आणि विटांच्या ढिगाऱ्यावर पुरुषभर उंचीचं रान माजलं. आत्याबाई छत्री घेऊन माझ्यामागे निघाल्या. चार पावलं आत गेलो आणि रस्त्याचा आवाज थांबला, कुणी दार ओढून घ्यावं तसा. ओल्या मातीचा वास... त्यात फिनेलचा.

मी पान पाहिलं. बदामी आकाराचं. फूल जांभळट, नरसाळ्यासारखं. देठ मोडला तर पांढरा चीक, आणि आतून पोकळ. शेंबड्या पोरानेही ओळखावं.

"बेशरम," मी त्या तणाचं नाव घेतलं.

"कोणाला म्हणता...?"

आवाज देठातून आला होता. माझी वही गळून पडली. आत्याबाई मात्र पुढे वाकल्या.

"अगंबाई, डॉक्टर! किती वर्षांनी!"

"जीभ... दाखवा..."

त्यांनी दाखवली. मग गुडघा, पित्त, झोप, सुनेचा स्वभाव, सगळं सांगितलं. देठातून मधूनमधून "हं... हं..." येत होतं.

"आत्या, चला ना हो..." मी त्यांची छत्री ओढली.

"थांब गं. जिवंत होते तेव्हा कधी एवढं ऐकून घेतलं नाही त्यांनी."

शेवटी दंडाला धरून मी त्यांना बाहेर ओढलं.

"तू ते नाव लिहिलंस तर खणून जाळतील ना गं?" त्या कुजबुजल्या. "भिंतीचं मी बघून घेईन. या वयात इतक्या जवळ डॉक्टर कुठे मिळतो?"

अठरा वर्षांच्या नोकरीत कागदावर कधी खोटं लिहिलं नव्हतं. दोन दिवस अहवाल समोर घेऊन बसले, आणि लिहिलं: 'वनस्पतीची निश्चित ओळख पटली नाही.'

आठवड्याने आत्याबाईंचा फोन आला. गुडघा ठणठणीत, जिने चढतायत. मग जरा घुटमळल्या.

"तुझी चौकशी करत होते गं."

"माझी...? काय म्हणाले?"

"काही नाही. वय विचारलं. मी सांगितलं."

"मग?"

"मग नुसतंच 'च्च...' म्हणाले."