ओल्या हातमोज्यांची परीक्षा

गोड हसणाऱ्या सेल्समनवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यात हा तर थेट माझ्यावरच येऊन आदळला! मी मासे तोलायचा काटा धूत होते, रबरी हातमोजे कोपरापर्यंत ओले... त्याच्या शर्टावर माझा पाचही बोटांचा पंजा उमटला.

"सॉरी हं... इथे टचस्क्रीन कोण निवडतं?"

"मीच. का?"

आमच्या छोट्या कारखान्यात मासळीवाल्यांसाठी वजनकाटे बनतात. मागच्या वर्षी अशाच एका गोडबोल्याच्या स्क्रीन घेतल्या आणि निम्मे काटे परत आले. तेव्हापासून बाबा गिऱ्हाइकांसमोर मान खाली घालून उभे राहतात. या वेळची निवड त्यांनी माझ्यावर सोपवली. "दुधानं तोंड पोळलंय, ताकही फुंकून पी," एवढंच म्हणाले.

पर्याय दोन. एक जुना, मऊ प्लास्टिकचा, दाबला की चालणारा. दुसरा याचा, मोबाइलसारखा काचेचा, नुसत्या स्पर्शानं चालणारा. दिसायला देखणा. हाही तसाच... पण ते जाऊ दे.

आठवडाभर तो येतच राहिला. कधी वायर द्यायला, कधी काच पुसायचं फडकं द्यायला! एका फडक्यासाठी कुणी एवढ्या लांब येतं का? कुठेतरी पाणी मुरत होतं.

शेवटी मी ओल्या हातमोज्यानंच त्याच्या काचेला बोट लावलं. चालली! मागच्या वेळीही दाखवताना सगळं असंच चाललं होतं.

"काय केलंय यात? खरं सांगा."

"काही नाही..."

"खोटं बोलताना कान लाल होतात तुमचे."

"ते खोट्यामुळे नाही होत," तो पुटपुटला.

माझ्या छातीत धडधडायला लागलं. मेलं, हेही नेमकं आत्ताच!

त्यानं सुस्कारा सोडला, बादलीत बोटं बुडवली आणि काचेवर पाणी शिंपडलं. कुणी हात न लावता आकडे भराभर बदलू लागले.

"हातमोज्यातून चालावी म्हणून फार नाजूक केलीय तिला. मग पाण्याचा थेंबही तिला बोटच वाटतो. तुमच्या कामाला दाबायचीच बरी. ती... आम्ही विकत नाही."

हातातली ऑर्डर यानं स्वतःच घालवली? मला आणखीच संशय आला.

"यात तुमचा फायदा काय?"

"काटे परत आले असते, तर तुम्ही पुन्हा माझं तोंड बघितलं असतं?"

"आता तरी कशाला बघू? ऑर्डर तर दुसऱ्याला जाणार."

"जाऊ दे. तुम्ही आवडता मला... पहिल्या दिवसापासून. उद्या काही काम नसताना आलो, तर हाकलून द्याल?"

मी तडक आत गेले. बाबांना दाबायची स्क्रीन घ्यायला सांगितलं, कारणही सांगितलं. कितीतरी दिवसांनी बाबा मनापासून हसले. मी बाहेर आले, तेव्हा तो बॅग आवरून दारात उभा होता.

"विश्वास नाही ना बसला?"

"अजिबात नाही," मी म्हणाले. "उद्या ये. परवाही ये. असा एका दिवसात कुणाचा संशय फिटतो का!"