चरख्याची पाचर

दार लोटून घ्या आणि त्या बॅटरीशी खेळणं आधी बंद करा. ऐकायचंय ना? मग गपचूप ऐका. मधेच कुणी "काका, खरं सांगा" म्हणालं तर मी सरळ उठून झोपायला जाईन. ही गोष्ट आमच्या मिस्त्रीची. जुनं फर्निचर दुरुस्त करायचा, माझा शाळेपासूनचा दोस्त.

तर एका शनिवारी दुपारी मिस्त्री हातगाडी घेऊन ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे जुनं सामान आणायला गेला. बाई घर विकून मुलाकडे राहायला चालल्या होत्या. मिस्त्रीच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, विणकामाचं भारी वेड. ते ठाऊक असल्यामुळे माळ्यावर पडलेला जुना चरखा बाईंनी त्यांना भेट म्हणून देऊन टाकला. शिलाई मशीनसारखा पायाने चालवायचा, खाली पायडल आणि वर हे एवढं चाक. चाक जागचं हलत नव्हतं, पण वहिनी काय हरखल्या म्हणता! थंडी पडायच्या आत मला हा चालू करून द्या, या खेपेचा तुमचा स्वेटर मी कातलेल्या लोकरीचाच, असं नवऱ्याला बजावलं त्यांनी. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात दोघंच. बायकोने काही मागितलं की या गड्याला हुरूप यायचा.

आता मिस्त्रीचा कामाचा एक कायदा होता. जुन्या वस्तूची वापरून झालेली झीज तशीच ठेवायची, तिला रंधा लावायचा नाही. आणि मागाहून कुणी खिळे-पट्ट्या ठोकून जी डागडुजी केली असेल, ती मात्र उपटून फेकायची. पायडलच्या फळीवर पाऊल पडून पडून खळगा झाला होता. उजव्या पायाचा. अंगठा आणि शेजारची तीन बोटं. करंगळीच्या जागी फळी सपाट. मिस्त्रीने मला मुद्दाम बोलावून दाखवला. किती वर्षं बसली असेल बिचारी, म्हणाला, आणि मेण चोळून त्याने तो खळगा लख्ख केला.

पायडलच्या सांध्यात एक पाचर ठोकलेली होती. काळीकुट्ट, बोटभर लांब. चरखा अडला होता तो तिच्यामुळेच. कुण्या अर्धवटाचं हे काम म्हणून मिस्त्रीने दोन शिव्या हासडल्या, छिन्नी घालून पाचर उपटली आणि सरस तापवायच्या शेगडीत टाकून दिली. आपल्या कायद्याप्रमाणेच वागला तो.

नोव्हेंबरातला दुसरा रविवार होता. संध्याकाळी घराखालच्या कारखान्यात चरखा तयार झाला, चाक लोण्यासारखं फिरायला लागलं. सकाळी लोकर आणू, असं ठरवून दोघं वर झोपायला गेली. रात्री दीडच्या सुमारास मिस्त्रीला जाग आली. पलंग हलत होता. वहिनी गाढ झोपेत, आणि पांघरुणाखाली त्यांचा उजवा पाय पायथ्याच्या फळीवर दाबला जात होता. खाली... वर. खाली... वर.

पेटका आला असेल, असं त्याला वाटलं. मग खालून, कारखान्यातून, आवाज ऐकू आला. खट... खट. पायाच्या तालावर. त्याने बायकोचा पाय धरला. खालचा आवाज थांबला. सोडला... पुन्हा सुरू.



सकाळी वहिनींना काही म्हणजे काही आठवत नव्हतं, नुसता पाय भरून आला होता. पण मग ते रोजचंच झालं. मिस्त्रीने नवी पाचर करून ठोकली, ती सकाळी जमिनीवर. दुसरी, तिसरी, तीच गत. सांधा त्यानेच इतका गुळगुळीत केला होता की त्यात आता काही टिकेना. वहिनी सुकत चालल्या, जेवता जेवता डोळे मिटायला लागल्या. मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या, निघालं काहीच नाही. शेवटी त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घराबरोबर आलेली वस्तू, आम्ही कधी हातही लावला नाही, एवढं बोलल्या. मग विचारलं, "चरख्यातली पाचर तर आहे ना हो जागेवर?"

"जाळली," मिस्त्री म्हणाला.

पलीकडून फोन ठेवला गेला.

त्याच दिवशी मिस्त्रीने कुऱ्हाड घेतली आणि स्वतः नीट केलेला चरखा अंगणात फोडला. जाळला. राख होईपर्यंत तिथून हलला नाही. सुटलो एकदाचे, मला म्हणाला.

त्या रात्री खालून आवाज आला नाही.

पाय मात्र सुरू झाला. आणि आता जोरात. ओढायला चाकच उरलं नव्हतं, मग थांबणार कशाला? मिस्त्रीने दोन्ही हातांनी धरला. अंगाखाली घेतला. पाय त्याच्यासकट हलत होता. वहिनींनी डोळे उघडले. जाग्या होत्या त्या. पूर्ण जाग्या.

"अहो... थांबवा ना मला."

"धरलंय गं. धरलंय."

पण थांबेना. काही केल्या थांबेना.

थंडी सरायच्या आत वहिनी गेल्या. पाय थांबला तो तेव्हाच.

पुढे पलंग खाली न्यायला मिस्त्रीने मला बोलावलं. गादी काढली. पायथ्याच्या फळीवर खळगा होता. चांगलं जाड सागवान, आणि त्यात खोल, गुळगुळीत खळगा. दोन-तीन महिन्यांत लाकूड एवढं झिजत नाही. मी कोपऱ्यातला रंधा उचलून पुढे केला. मिस्त्रीचे डोळे भरले होते, त्याला धड दिसतही नव्हतं. त्याने माझा हात बाजूला सारला.

"तिच्या पायाची झीज आहे," म्हणाला. "राहू दे."

मी रंधा खाली ठेवला. पण वहिनींना शेवटचं पाहिलं तेव्हा पायथ्याशी मीच उभा होतो, त्यांची पाचही बोटं धडधाकट होती. मी त्या खळग्यावरून हात फिरवला. अंगठा... आणि तीन बोटं. पुढे फळी सपाट.