किल्लीआधीच्या चार किका

पंपावरचे मिस्त्री डिसेंबरात वारले. महिन्याभराने त्यांची मोटरसायकल आणायला मी आणि नवाब त्यांच्या घरी गेलो.

मिस्त्री म्हणजे आमच्या पाणीपुरवठ्याचे पंपचालक. सव्वीस वर्षं त्यांनी पहाटे पाचला पंप सुरू केला. पाच म्हणजे पाच. नवाब त्यांच्या जागी घेतलेला, दुपारची पाळी माझी. खरं नाव वेगळं होतं, पण उन्हं तोंडावर आल्याशिवाय जो उठत नाही त्याला दुसरं काय म्हणणार? तुमच्यातही तसले दोन-तीन आहेत. मान खाली घालू नका, अंधारात मला दिसत नाही.

नवाब तात्पुरता होता. त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे साहेब एकतीस जानेवारीला ठरवणार होते. त्याच्या हातून पंप दोनदा उशिरा सुरू झाला होता. साहेब म्हणाले, "तिसऱ्यांदा नळ कोरडे राहिले तर परत तोंड दाखवू नकोस." यावर नवाबाचं रडगाणं, की थंडीत चार किलोमीटर सायकल कोण मारणार? ते मिस्त्रीवहिनींच्या कानावर गेलं. पंपाला उशीर नको म्हणून त्यांनी आपणहून गाडी वापरायला दिली.

किल्ली देताना म्हणाल्या, "भाऊजी, एवढं ऐका. थंडीत चोक ओढायचा, किल्ली बंदच ठेवायची आणि आधी चार किका सावकाश मारायच्या. तेल वर येतं. मग किल्ली. हे रोज असंच करायचे."

नवाब हसला. "वहिनी, गाडी आहे की सासरा? एवढा मान कोण देतो?"

मी बोलायला हवं होतं. असो.

सत्तावीस जानेवारी, सोमवार. पहाटेचे चार वीस. सीटवर दव गोठून पांढरं झालेलं. नवाबाने आधी किल्ली फिरवली आणि किकेवर नाचायला लागला. वीस किका मारल्या. गाडी ढिम्म. पेट्रोलचा भपकारा सुटला, म्हणजे प्लग भिजला. तेव्हा याने चाकाला लाथ घातली. "म्हातारा सुटला, आणि हा खटारा माझ्या गळ्यात मारून गेला!"

प्लग खोलून तो स्वयंपाकघरात गेला आणि गॅसवर तवा ठेवून त्यावर प्लग तापवत बसला. आतून बायको झोपेतच म्हणाली, "पहाटे पहाटे कुणाशी भांडताय?"

"मेलेल्याशी," नवाब म्हणाला.

तेवढ्यात अंगणात आवाज झाला. खट्... किकेचा. सावकाश. थोडं थांबून दुसरा. मग तिसरा... चौथा.

मग इंजिन सुरू झालं.

प्लग तव्यावर होता. त्याच्या डोळ्यांसमोर. प्लगशिवाय इंजिन चालत नाही. हे तुम्हालासुद्धा कळतं, म्हणजे कुणालाही कळावं.

चिमटा हातात घेऊनच तो बाहेर धावला. अंगण रिकामं. गाडीचा मागचा लाल दिवा कोपऱ्यावर वळताना दिसला.

धापा टाकत तो पंपावर पोचला तेव्हा पाच दहा झाले होते. पंप चालू होता. गाडी दाराशी स्टँडवर उभी. सायलेन्सर हात लावू देईना, आणि प्लगच्या जागी नुसतं भोक. आत कुणी नव्हतं.

शहाणा माणूस त्याच दिवशी गाडी परत करून आला असता. नवाबाने काय केलं? दुसऱ्या दिवशी उठलाच नाही!

गुरुवारी दुपारी माझी पाळी सुरू होताना त्याने स्वतः मला सांगितलं, आणि हसत हसत. "रात्री प्लग काढून तव्यावर ठेवतो. पहाटे चार किका ऐकू आल्या की मी कूस बदलतो. पाचला नळाला पाणी. सातला प्लग खिशात टाकून चालत येतो, सही ठोकतो. येते की नाही मजा?"

"लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"कशाची? त्यांची सवय आहे, माझी झोप आहे."

भुताला घाबरणारे पुष्कळ पाहिले. भुताला राबवून घेणारा हा एकच. मिस्त्रींना मेल्यावरही याची कामं करावी लागली, कारण याच्या भरवशावर पाणी सोडणं त्यांना पटेना. भूत त्याच्याहून बरं होतं, एवढंच मी म्हणेन.

त्याच संध्याकाळी साहेबांचा निरोप आला. "उद्या पाचला मी स्वतः पंपावर येतो. हजर असलास तर ऑर्डर तुझ्या हातात. नसलास तर जागा दुसऱ्याची."

झालं. नवाबाची झोप उडाली.

एकतीस जानेवारी, शुक्रवार. चारलाच दाढी करून तो दारात उभा. प्लग मात्र तव्यावरच. भीतीने बसवायचाही विसरला. चार वीसला त्याच्या डोळ्यांदेखत किकेचा दांडा खाली गेला. वर आला. खाली गेला... वर कुणी नाही. सीटवरचं दव तसंच.

इंजिन सुरू झालं.

नवाब पुढे गेला. "मिस्त्री... आज मी जातो. नोकरीचा प्रश्न आहे."

पुढच्या सीटवर बसला. इंजिन बंद पडलं.

तो उतरला. पुन्हा चार किका. पुन्हा सुरू.

तो पुन्हा पुढे बसला. पुन्हा बंद.

चार सदतीस. सायकल एका मित्राने नेलेली. पायी निघालं तर साहेब दारात उभे असणार आणि हा रस्त्यात. तो उतरला. पुन्हा चार किका...

इंजिन धडधडत होतं. गाडी थांबून होती.

"मी... मागे बसू?"

इंजिन चालूच.

तो मागच्या सीटवर बसला.

गाडी निघाली. अंधार. गार वारा. पुलावर गाडी वळली तसा याचा तोल गेला. हात पुढे गेले. पुढे हवा असायला हवी होती.

हातांना लोकर लागली.

गार. ओलसर. कुणाची तरी कंबर.

सोडावं, तर पडणार... त्याने धरून ठेवलं. पंपापर्यंत. घट्ट.

पाचला पाच मिनिटं कमी असताना साहेबांनी फाटकाशी बॅटरी मारली. साहेब नवे, मिस्त्रींना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. आतून पंप सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा पाचचा ठोका पडत होता. साहेब म्हणाले, "पुढे बसलेला तो आत गेला, तो कोण? वक्तशीर माणूस दिसतो. शीक काहीतरी त्याच्याकडून."

ऑर्डर नवाबाच्या हातात पडली. कायम झाला. तसल्यांचं नशीब हे असं असतं.

पण हात.

दोन्ही तळव्यांवर वळ उठले होते. विणीचे. सतरंजीवर झोपलं की गालावर उठतात तसे. ते तोंड धुतलं की जातात. हे जाईनात. त्याने साबण लावला, गरम पाणी घेतलं, रॉकेलने घासले. दहा दिवस.

अकराव्या दिवशी मला म्हणाला, "चल माझ्याबरोबर. गाडी देऊन येऊ." चालवायची त्याची छाती नव्हती. आम्ही ढकलत नेली.

वहिनींनी किल्ली घेतली आणि त्यांची नजर त्याच्या हाताकडे गेली. त्यांनी तो उजेडात धरला. बराच वेळ बघत होत्या.

"हा स्वेटर मी विणला होता," त्या म्हणाल्या. "त्यांच्या अंगावरच गेला. शेवटी."

त्यांनी हात आणखी जवळ ओढला.

"खालच्या काठाला माझा एक टाका सुटला होता. उसवते म्हटलं, तर नको म्हणाले. राहू दे, कोण बघतंय..."

बोलता बोलता त्या बोटाने टाके मोजत होत्या. बोट नवाबाच्या अंगठ्याखाली आलं आणि थांबलं.

तिथे एक टाका नव्हता.