कवडसा का रुसला?

"अरे, देवळात झोपलायस काय? ऊठ!" ताई कुजबुजली, पण तिची कुजबुज गाभाऱ्यापर्यंत ऐकू गेली.

"झोपलो नाही. मी देवीच्या जागी आहे," ढापण्या फरशीवर उताणा पडूनच म्हणाला. नाकावरून घसरलेला चष्मा त्याने वर ढकलला. "इथून ती जाळीची खिडकी कशी दिसते ते बघतोय. आणि गंमत म्हणजे, आभाळ दिसतच नाही!"

ताई आणि ढापण्या ही सख्खी भावंडं सुट्टीत आत्याकडे आली होती. आत्याचं काम मुलखावेगळं होतं. या जुन्या दगडी देवळात येणाऱ्या पाहुण्यांना ती देवळाची माहिती सांगायची. कुठल्या खांबावर काय कोरलंय, कोणत्या मूर्तीची काय गोष्ट, सगळं तिला तोंडपाठ! आत्याची लेक चिंगी तर देवळाच्याच ओट्यावर रांगत मोठी झालेली. फ्रॉकच्या खिशात कायम गोट्या, गुडघ्यावर कायम खरचटलेलं.

आत्याची सर्वांत आवडती गोष्ट कोपऱ्यातल्या लक्ष्मीची. लक्ष्मी एकदा विष्णूवर रुसली आणि अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. सगळे देव समजूत काढून दमले. शेवटी सूर्य म्हणाला, "तू हवी तितकी रुस, पण मी रोज तुला भेटायला येणार." तेव्हापासून दुपार कलली की समोरच्या दगडी जाळीतून एक कवडसा आत यायचा, कोपऱ्यातल्या लक्ष्मीच्या पायांशी थांबायचा आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर चढायचा. गोष्ट संपता संपता कवडसा दिसला की पाहुणे "अहाहा!" करायचे.

पण देवळाची साफसफाई सुरू झाली आणि कवडसा यायचा बंद झाला!

काल तर एक पाहुणा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बाई, थापा चांगल्या मारता हो!" आत्या घरी येऊन न जेवताच झोपली.

आणि आज सकाळी देवस्थानचे अध्यक्ष आले. अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, हातात मोबाइल.

"उपाय सापडला!" ते म्हणाले. "लक्ष्मीच्या वरच्या भिंतीला भोक पाडायचं, आत दिवा बसवायचा. तुमची गोष्ट संपली की बटण दाबायचं. आज दुपारी मशीनवाला येतोय."

"त्या भिंतीवर वेलबुट्टी कोरलीय, साहेब!" आत्या म्हणाली. "आणि बटण दाबून सूर्य आला म्हणून सांगू? ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. तसं असेल तर मी उद्यापासून येणार नाही."

"तुमची मर्जी," अध्यक्ष म्हणाले. "सूर्यच सरकला त्याला मी काय करू?"

"सूर्य सरकला म्हणे!" ते गेल्यावर ढापण्या पुटपुटला. तेव्हापासून तो फरशीवर आडवा होता.

"तुला आभाळ नाही, तर काय दिसतंय?" ताईने विचारलं.

"भोकांच्या आतला दगड. जाळी चांगली वीतभर जाड आहे. तिची भोकं सरळ आरपार नाहीत, तिरकी कोरलीयत. पण तिरकी म्हणजे कुणीकडे, ते कळत नाही."

"त्यात काय!" चिंगी म्हणाली. "गोटी सोडून बघायची!"

दोघांनी एकदम वळून तिच्याकडे पाहिलं.

"चिंगे," ढापण्या उठून बसला, "तुला अक्कल आहे हे आजवर लपवून का ठेवलंस?"

"तू विचारलंस कधी?"

छताच्या सफाईसाठी बांधलेली बांबूंची परांची जाळीजवळच उभी होती. कामगार जेवायला बाहेर झाडाखाली गेले होते. चिंगी सरसर चढायला लागली, तशी ताईने तिचा फ्रॉक धरला.

"मुळीच नाही! मी चढते. तुम्ही दोघं खालून परांची धरा. हललात तर याद राखा!"

"हिला कायम पुढारी व्हायचं असतं," चिंगी कुरकुरली, पण गोटी मात्र तिने मुकाट्याने दिली.

ताईने जाळीच्या भोकात गोटी ठेवली आणि बोट काढलं. गोटी क्षणभर थबकली, मग स्वतःहून घरंगळत बाहेरच्या बाजूला नाहीशी झाली.

डुबुक्!

"कोण आहे रे तो?" बाहेरून गर्जना झाली. "माझ्या चहात दगड कोणी टाकला?"

"गोटी आहे ती!" चिंगी ओरडली. "परत द्या हं!"

"झालं!" ताई खाली उतरत म्हणाली. "आता खा बोलणी."

ढापण्या मात्र नाचत होता. "सापडलं! सापडलं!"

हातात चहाचा पेला घेऊन सफाईचा ठेकेदार आत आला. भला दांडगा माणूस. दारातून आला की उजेड कमी व्हायचा. पाठोपाठ आत्या धावत आली, आणि नेमके तेव्हाच मशीनवाल्याला घेऊन अध्यक्षही आले.

"ही पोरं परांचीवर चढतात!" ठेकेदार म्हणाला.

"चुकलंच आमचं," ताई म्हणाली. "पण काका, सफाईसाठी काढलेली जाळी तुम्ही उलटी बसवलीय."

"काय? वीस वर्षं हेच काम करतोय मी! होती तश्शी बसवलीय!"

"मग हे सांगा," ढापण्या पुढे झाला. "सूर्य वर, लक्ष्मी खाली. म्हणजे ऊन उतरत आत यायला हवं. भोकांचा उतार आतल्या बाजूला हवा. हो ना? मग आत ठेवलेली गोटी बाहेर तुमच्या चहात कशी गेली?"

ठेकेदाराने पेल्यात पाहिलं. तळाशी निळी गोटी होती.

"पोरखेळ आहे सगळा," अध्यक्ष म्हणाले. "हं, मशीन लावा."

"थांबा ना!" ताईने विचारलं, "काका, जाळी काढली तेव्हा आतली बाजू कुठली हे कसं लक्षात ठेवलंत?"

"खडूने मोठी फुली मारली होती आतल्या अंगाला. अशी कामं आम्ही खुणेशिवाय करतच नाही!" ठेकेदार ऐटीत म्हणाला.

"मग जाळीचं काय केलंत?"

"काय म्हणजे? घासूनपुसून लख्ख धुतली आणि…"

ठेकेदाराचं तोंड उघडंच राहिलं.

"…आणि फुलीसुद्धा लख्ख धुतली!" चिंगीने वाक्य पुरं केलं.

मशीनवाला फिसकन हसला. ठेकेदाराने डोकं खाजवलं. "एका बाजूला बारीक नक्षी होती. म्हटलं, नक्षी बाहेरच असणार. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको?"

"येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी नव्हती ती," आत्या हळूच म्हणाली. "लक्ष्मीसाठी होती. तिच्यासमोरच असायची. माझ्याही कसं ध्यानात आलं नाही! कवडशाच्या नादात मी कायम तिच्याकडेच बघायची."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "मशीनवाल्याचा खोळंबा होतोय."

"साहेब," ताई म्हणाली. "जाळी फिरवून काही झालं नाही, तर पुन्हा फिरवता येईल. भिंतीला पाडलेलं भोक बुजवलं, तरी ती वेलबुट्टी परत येईल का?"

अध्यक्षांनी मोबाइल खिशात टाकला. "फिरवा जाळी!"

मग काय, एकच धांदल! कामगार आले, दोर आले. "सावकाश!" "डावीकडे!" "अरे माझं बोट!" असा आरडाओरडा करत जाळी निघाली, फिरली आणि पुन्हा खोबणीत बसली. बाहेर दुपार कलली होती. पाहुण्यांचा एक घोळका येऊन उभा होता. आत्याने पदर सारखा केला आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली.

"…तेव्हा सूर्य म्हणाला, तू हवी तितकी रुस…"

सगळे कोपऱ्याकडे बघत होते. कोपरा काळामिट्ट!

अध्यक्षांनी भुवई उंचावली. आत्याचा आवाज अडखळला. ताईने ढापण्याचा हात गच्च धरला. तो जाळीकडे डोळे बारीक करून बघत होता, आणि एकदम बाहेर पळाला.

बाहेर ठेकेदार जाळीला पाठ टेकून, दोन्ही हात पसरून उभा होता!

"काका, हे काय?"

"पडू नये म्हणून धरून ठेवलीय. पुन्हा चूक नको बाबा!"

"अहो, तुम्हीच सूर्याच्या वाटेत उभे आहात! बाजूला व्हा!"

ठेकेदार टुणकन बाजूला झाला. आतून पाहुण्यांचा आवाज आला, "अहाहा!" लक्ष्मीच्या पायांवर सोनेरी कवडसा पडला होता. हळूहळू तो वर सरकत गेला, हाताला शिवला, हनुवटीला शिवला आणि दगडी चेहरा उजळून निघाला.

मशीनवाला मशीन गुंडाळून निघाला, तोही जाताना हात जोडून गेला.

"बाई," अध्यक्ष आत्याला म्हणाले, "माझं चुकलं. उद्याही तुम्हीच या. आणि ही पोरं म्हणजे रत्नं आहेत हो!" लगेच पाहुण्यांकडे वळून ते अभिमानाने सांगू लागले, "सोसाट्याचा वारा सुटला होता! तरी ही मुलगी त्या उंच परांचीवर चढली. खाली खोल दरी…"

"दरी कुठंय? वारा कधी सुटला?" चिंगीने डोळे मोठे केले.

आत्याने तिन्ही पोरांना जवळ ओढलं. "ऐकून घ्या गुपचूप," ती हसत म्हणाली. "दंतकथा कशी जन्माला येते, ते बघायला मिळत नाही कुणाला!"